कॅमेऱ्याची जादा बॅटरी: ओरिजिनल घ्यावी की थर्ड पार्टी?

उजेडवाला
नमस्कार मंडळी,

बार्शीत लग्न-मुंजीची फोटोग्राफी करतो. हातात कॅननचा आर६ मार्क टू, जोडीला जुना ६डी मार्क टू. दोघांनाही एलपी-ई६ घराण्यातलीच बॅटरी लागते. तुळशीचं लग्न लागलं की आमची धावपळ सुरू, त्याआधी चार जादा बॅटऱ्या घ्यायच्या आहेत. ६डीबरोबर आलेल्या एलपी-ई६एनला मेनूत तीन हिरव्या चौकोनांऐवजी एक लाल चौकोन दिसायला लागलाय, म्हणजे तिचे दिवस भरले.

फोर्टात बोरा बाजारात चौकशी केली. एका ओरिजिनलच्या पैशात तीन, घासाघीस केली तर चार थर्ड पार्टी येतात. दुकानदार म्हणतो, "सेम टू सेम साहेब, उलट हिच्यात पॉवर जास्त." डब्यावर २६५० एमएएच (म्हणजे बॅटरीची क्षमता) छापलंय. ओरिजिनल एलपी-ई६एनएचवर २१३०.

माझं मत विचाराल तर ओरिजिनलला आपण निव्वळ छापलेल्या नावाचे पैसे मोजतो. आत शेवटी सेलच आहेत ना? कोणी पटवून दिलं तर मत बदलेन. वापरणाऱ्यांनी लिहा. "गूगल करा" सांगणाऱ्यांचे आगाऊ आभार.

चष्मिश
वाचतोय. खूण म्हणून हा प्रतिसाद.

फ्लॅशबाज
उजेडवाला, धंदा तोच, गाव नाशिक. माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत आणि दोन्ही राहणार. पण कुठली कधी कॅमेऱ्यात जाते हे ठरलेलं आहे.

अंतरपाट धरला की मुख्य कॅमेऱ्यात फक्त ओरिजिनल. कारण एकच. थर्ड पार्टी बॅटरी किती चालते यापेक्षा ती खरं किती सांगते, हा प्रश्न मोठा. ओरिजिनल ३० टक्के म्हणाली तर ३० टक्के असतात. माझ्या एका स्वस्त बॅटरीचा काटा ४५ वर बसून राहायचा आणि तिथून थेट कॅमेरा बंद. मंगलाष्टकं संपत आलीत, मामा मुलीला घेऊन उभे, अक्षता उडणार आणि तुम्ही खाली वाकून बॅटरीचं झाकण उघडताय. गुरुजी मुहूर्तासाठी थांबतात, फोटोग्राफरसाठी नाही.

हळद, संगीत, पंगत, ग्रुप फोटो यांना थर्ड पार्टी खुशाल लावा. तिथे अर्धा मिनिट गेलं तरी कोणी विचारत नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याला आणि गिंबलवरच्या (कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) व्हिडिओलाही माझ्याकडे त्याच असतात.

आणि एक. प्रत्येक बॅटरीवर मार्करने नंबर आणि खरेदीचा महिना लिहा. असिस्टंट पोरं भरलेली आणि रिकामी एकाच खिशात घालतात. झाकण लावलेली म्हणजे भरलेली, उघडी म्हणजे रिकामी, एवढी शिस्त लावली तरी निम्मे त्रास संपतात.

जुनाखोड
आमच्या निकॉन एफएम२ ला दोन बटण सेल लागायचे, ते पण लाइट मीटरपुरते. ते संपले तरी शटर चालायचं, कारण सगळं यांत्रिक. सनी सिक्स्टीन (मीटरशिवाय उन्हात एक्स्पोजर ठरवायचा नियम) पाठ असलं की झालं. आता बॅटरी गेली की तीन लाखांचा कॅमेरा पेपरवेट.

चष्मिश
काका, तुमच्या छत्तीस फोटोंत आमची वरमाईसुद्धा मावत नाही. :)

सोल्डरगन
दुकानदाराच्या २६५० वर बोलू, कारण खरी मेख तिथे आहे.

एलपी-ई६ आली २००८ मध्ये, ५डी मार्क टू बरोबर. क्षमता १८०० एमएएच. मग एलपी-ई६एन, १८६५. मग २०२० मध्ये आर५ आणि आर६ बरोबर एलपी-ई६एनएच, २१३०. आकार तोच, खोबण तीच. म्हणजे कॅननला त्याच खोक्यात साधारण १८ टक्के जादा भरायला १२ वर्षं लागली. आता कोणीतरी एक चतुर्थांश किमतीत, त्याच मापात, त्यावर आणखी २४ टक्के देतो म्हणतो. देईलही! पण मग त्याने आधी मोबाइल कंपन्यांना सेल विकायला हवे होते, बोरा बाजारात कशाला आला असता?

बॅटरीत दोन लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एकाचा नाममात्र दाब ३.६ व्होल्ट, म्हणून लेबलवर ७.२. पूर्ण भरल्यावर ८.४. सेलइतकंच महत्त्वाचं असतं संरक्षण सर्किट: जास्त चार्ज होऊ न देणं, फार खाली उतरू न देणं, शॉर्ट झालं तर तोडणं. स्वस्तात काटछाट होते ती सेलच्या दर्जात आणि इथे. बाहेरून दोन्ही काळ्याच दिसतात.

छापील आकड्यांची कमाल बघायची असेल तर ऑनलाइन १८६५० सेल (हे सेलच्या मापाचं नाव, क्षमता नव्हे) शोधा. ९९०० एमएएच लिहिलेले मिळतात. त्या मापातले नामवंत कंपन्यांचे उत्तम सेल ३५०० च्या आसपास थांबतात.

खात्री हवी असेल तर मोजा. छंदवाल्यांकडे डिस्चार्ज करून क्षमता दाखवणारे चार्जर असतात. अर्ध्या अँपिअरने सहा व्होल्टपर्यंत उतरवा, आकडा समोर येतो. मी मित्रांच्या मोजल्यात. बऱ्या थर्ड पार्टी बॅटऱ्या ओरिजिनलच्या थोड्या खाली भरतात, वाईट असतात त्या छापील आकड्याच्या निम्म्यावर येतात. छापील आकड्याच्या वर गेलेली अजून पाहिली नाही.

उजेडवाला
सोल्डरगन, हे पटलं. पण मग आणखी एक. मित्राने ६डी मध्ये थर्ड पार्टी घातली की कॅमेरा म्हणतो, बॅटरीशी संवाद होत नाही, तरी वापरायची का? हो म्हटलं की चालतं. हा संवाद नक्की कसला? आणि नाही झाला तर बिघडतं काय?

सोल्डरगन
टोकं नीट बघा. अधिक-उणे सोडून आणखी संपर्क असतात. एकातून तापमान कळतं, एकातून बॅटरीतली चिप कॅमेऱ्याशी बोलते: किती टक्के उरलेत, तब्येत कशी आहे. चिपची भाषा बाहेरच्यांना नीट जमली नसेल तर तुमचा तो लाल-हिरवा चौकोन दिसत नाही, टक्के अंदाजे येतात. फ्लॅशबाज यांचा ४५ वर बसलेला काटा याच जातीचा. निकॉनमध्ये याच चिपमुळे मेनूत बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे निवृत्त.

आर६ वर आणखी एक फरक पडतो. मेकॅनिकल शटरचा पूर्ण वेग एलपी-ई६एनएच चांगली भरलेली असेल तरच मिळतो. जुन्या पिढीची घाला किंवा चार्ज उतरू द्या, सेकंदाला निघणारे फोटो कमी होतात. तुम्हाला लग्नात फरक नाही पडणार, पक्षीवाल्यांना पडतो.

तारतम्य
थोडा विरोधी सूर लावतो.

चिपचं हे कौतुक कंपन्यांनाही सोयीचं आहे. २००९ मध्ये पॅनासॉनिकने नवं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) काढलं आणि बाहेरच्या बॅटऱ्या कॅमेऱ्याने नाकारायला सुरुवात केली. कारण दिलं सुरक्षेचं. कारण खोटं होतं असं म्हणत नाही, पण प्रिंटरच्या शाईवाल्या कंपन्याही हीच भाषा बोलतात. बॉडी एकदाच विकली जाते, बॅटऱ्या वारंवार.

आणि ओरिजिनल म्हणजे देवाघरची, असंही नाही. २००५ मध्ये निकॉनने डी७० च्या काळातल्या ईएन-ईएल३ बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, शॉर्ट होऊन तापत होत्या म्हणून. पुढे डी५०० आला तेव्हा जुन्या ईएन-ईएल१५ त्यात फार लवकर उतरायच्या. अंगावर 'लि-आयन०१' छापलेल्या होत्या त्या. त्या बदलून 'लि-आयन२०' छापलेल्या द्याव्या लागल्या. दोन्ही वेळा बॅटरीवर निकॉनचंच नाव होतं.

फरक एवढाच की तिथे परत मागवणारा कोणीतरी होता. थर्ड पार्टीचं दुकान पुढच्या दिवाळीला दुसऱ्या नावाने उघडतं. तेव्हा नाव बघून नाही, तक्रार घेऊन कुठे जाता येईल ते बघून घ्या.

फ्लॅशबाज
शेवटच्या ओळीला +१.

रानवाट
नागपूरहून. ताडोब्यात उन्हाळ्यात जाणं असतं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो हे सगळ्यांना माहीत आहे, उघड्या जिप्सीत काळ्या बॅगेत काय तापमान असेल याचा विचार करा.

मिररलेसवाल्यांना इथे जास्त सोसावं लागतं. डीएसएलआरमध्ये नुसतं बघत बसलं तर बॅटरी जवळपास खर्च होत नाही, आरशातून दिसतं. मिररलेसमध्ये डोळा लावला की सेन्सर, प्रोसेसर, व्ह्यूफाइंडर सगळे जागे. पाणवठ्यावर तास-दीड तास वाट बघताना एकही फोटो न काढता बॅटरी निम्मी होते. सोनीवाले आता खूश आहेत. ए७, ए७ मार्क टू च्या काळातली एनपी-एफडब्ल्यू५० फक्त १०२० एमएएचची होती, लोक ती खिसा भरून न्यायचे. २०१७ मध्ये ए९ बरोबर २२८० ची एनपी-एफझेड१०० आली आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

आमच्या जिप्सीतल्या एकाची थर्ड पार्टी बॅटरी (कंपनी सांगत नाही) उन्हात फुगली आणि खोबणीत अडकून बसली. झाकण उघडतंय, बॅटरी येत नाही. त्याने पेनचाकू काढला, गाइडने हात धरला. बरं झालं. फुगलेल्या लिथियम सेलला टोक लागलं तर पेट घेऊ शकतो. कॅमेरा बंद करून सावलीत ठेवला, गावी जाऊन सर्व्हिस सेंटरमध्ये काढून घेतली.

तेव्हापासून माझा नियम: दर महिन्याला बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बघायची. डुगडुगली की बाद. ओरिजिनल असली तरी.

चष्मिश
आणि वाघ नेमका बॅटरी बदलताना येतो, हेही लिहा.

रानवाट
वाघ येतो. बॅटरी बदलताना बिबट्या येतो.

हिमवाट
रानवाट यांच्या उलट टोकाचा अनुभव. स्पितीत किब्बरला हिवाळ्यात हिमबिबट्यासाठी बसणारे आम्ही. उणे वीसच्या थंडीत पूर्ण भरलेली बॅटरी बघता बघता 'रिकामी' होते. नवखे लोक तिला बाद समजतात. ती रिकामी नसते. थंडीत आतला अंतर्गत रोध वाढतो, कॅमेऱ्याने करंट ओढला की दाब एकदम पडतो आणि कॅमेऱ्याला वाटतं संपली. जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. ऊब लागली की तीच परत बरेच फोटो देते. दोन बॅटऱ्या आलटूनपालटून चालवायच्या.

होमस्टेवर परतल्यावर मात्र घाई नको. गोठलेली बॅटरी तशीच चार्जरला लावू नका. शून्याखाली चार्ज केलं तर आत धातुरूप लिथियम साचतं आणि ते नुकसान कायमचं असतं. खोलीत तास-दोन तास ठेवा, मग लावा. वीज असली तर. :)

आणि हो, इथे ओरिजिनल आणि थर्ड पार्टीतला फरक मैदानापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो.

टाळमृदंग
थंडी नाही, ऊन नाही, आमचा प्रश्न सॉकेटचा. माउलींच्या पालखीबरोबर आषाढात चालतो. मुक्कामी एका एक्स्टेंशन बोर्डावर अख्ख्या दिंडीचे मोबाइल लटकलेले असतात, त्यात कॅमेऱ्याचा चार्जर कुठे घुसवणार? तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, त्या दिवशी हात थांबत नाही, आणि आदल्या रात्री बॅटऱ्या निम्म्याच भरलेल्या.

उपाय म्हणून पॉवर डिलिव्हरीवाली पॉवर बँक घेतली. आर६ जातीच्या कॅमेऱ्यात टाइप-सी वायरने बॅटरी आतल्या आत चार्ज होते. पण ध्यानात घ्या, एलपी-ई६एन आणि ई६एनएच होतात, सगळ्यात जुनी साधी एलपी-ई६ होत नाही. थर्ड पार्टी कधी होतात, कधी नाही. घेतल्याबरोबर तपासा, लोणंदला पोचून नाही.

हल्ली बॅटरीलाच टाइप-सी पोर्ट असलेल्या थर्ड पार्टी निघाल्यात. चार्जर नकोच, वायर थेट बॅटरीत. कॅननने हे अजून का केलं नाही कळत नाही. या एका बाबतीत बाहेरचे पुढे आहेत. पावसात मात्र त्या पोर्टाची काळजी घ्यावी लागते.

हळदीकुंकू
कोल्हापूर. मीही लग्नं करते. (दुकानात अजूनही "मॅडम, सरांना विचारून घ्या कोणती बॅटरी" ऐकावं लागतं. सर घरी कुकर लावतायत.)

इथे सगळे ओरिजिनल विरुद्ध थर्ड पार्टी लिहितायत, पण तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: ओरिजिनलच्या वेषातली डुप्लिकेट. खोकं तेच, लोगो तोच, किंमत ओरिजिनलच्या जरा खाली, म्हणजे संशय येऊ नये इतकीच. थर्ड पार्टीवाला निदान स्वतःचं नाव तरी लावतो. सेकंडहँड कॅमेऱ्याबरोबर "दोन ओरिजिनल बॅटऱ्या फ्री" मिळतात त्यात हमखास असतात.

मी काय बघते ते सांगते. कॅननच्या बॅटरीवर होलोग्राम असतो, तो तिरका धरून बघायचा. छपाईतली अक्षरं अस्सलशेजारी ठेवून बघायची. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करायचं, अस्सल एलपी-ई६ जातीची ८० ग्रॅमच्या आसपास भरते, फारच हलकी निघाली तर आत काय आहे ते समजा. कॅमेऱ्यात घालून बॅटरीची माहिती उघडायची. आणि जीएसटीचं पक्कं बिल मागायचं. बिल म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा बदलतो का, ही सगळ्यात भरवशाची चाचणी.

सोल्डरगन
हळदीकुंकू, दंडवत. त्यात एक भर. आपल्याकडे लिथियम बॅटऱ्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) सक्तीची नोंदणी आहे, मानक आयएस १६०४६. लेबलवर चिन्हाशेजारी 'आर-' ने सुरू होणारा क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो घालून बघा, कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. क्रमांकच नसेल तर खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा.

बर्लिनकर
मेलेल्या बॅटऱ्यांचं काय करता तुम्ही लोक? इथे जर्मनीत बॅटरी विकणाऱ्या दुकानाला जुनी फुकट परत घ्यावी लागते, सुपरमार्केटच्या दाराशी पेटी असते. टोकांना चिकटपट्टी लावून टाकायची. युरोपचा नवा बॅटरी कायदा २०२३ मध्ये झाला, त्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. कॅमेरेवाले त्यात आधीच पास.

तारतम्य
भारतातही २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत, जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. कागदावर. माझ्या मेलेल्या बॅटऱ्या सध्या एका पत्र्याच्या डब्यात ई-कचरा संकलनाची वाट बघत बसल्यात. घंटागाडीत टाकू नका एवढं मात्र नक्की, गाडीत दाबल्या गेल्या की पेटतात.

हिमवाट
अवांतर: विमानाने जाणाऱ्यांनी सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत ठेवू नयेत, केबिनमध्येच न्याव्यात. मर्यादा १०० वॉट-तासांची, आपली १६ ची, त्यामुळे तो प्रश्न नाही. टोकं झाकलेली हवीत. लेबलवर वॉट-तास वाचता यायला हवेत, नाहीतर सुरक्षा तपासणीला वाद होतो. स्वस्त बॅटऱ्यांची शाई पहिल्याच हंगामात पुसते, हाही एक मुद्दा.

जुनाखोड
फ्लॅशच्या पेन्सिल सेलबद्दल कोणीच बोललं नाही. सान्योने २००५ मध्ये एनेलूप काढले, नंतर ते पॅनासॉनिककडे गेले. महिनोन्महिने पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवतात. माझे जुने अजून चालू आहेत. नव्या गोष्टींतही काही चांगलं असतं, मी नाही म्हणत नाही.

चष्मिश
काकांनी एकविसाव्या शतकातल्या वस्तूचं कौतुक केलं. कोणीतरी स्क्रीनशॉट घ्या.

उजेडवाला
धागा काढला चार बॅटऱ्यांसाठी, पोचलो स्पितीला. सगळ्यांचे आभार.

काय केलं ते लिहितो. दोन एलपी-ई६एनएच ओरिजिनल, पक्क्या बिलावर, सोलापूरच्या अधिकृत विक्रेत्याकडून. दोन थर्ड पार्टी, टाइप-सी पोर्टवाल्या. डब्यावरचा आकडा माफक आहे, आर क्रमांक ॲपमध्ये सापडला, वर्षाची वॉरंटी. २६५० वाली ठेवली तिथेच. दुकानदार नाराज.

ओरिजिनलची किंमत अवाच्या सवा आहे, हे मत मात्र कायम. चिप आणि सेल मान्य, तरी चौपट?

शेवटचा प्रश्न. आषाढी ते कार्तिकी आमची लग्नं बंद. चातुर्मासात बॅटऱ्या कपाटात पडून असतात. भरून ठेवाव्यात की रिकाम्या?

सोल्डरगन
दोन्ही नाही. भरलेली ठेवली तर लवकर म्हातारी होते, त्यात उकाडा असेल तर आणखी लवकर. पार रिकामी ठेवली तर हळूहळू आणखी उतरते, संरक्षण सर्किट तोडून टाकतं आणि चार्जर तिला ओळखतच नाही. ४० ते ५० टक्क्यांवर, कॅमेऱ्याबाहेर, कोरड्या आणि गार जागी. कॅमेऱ्यातच राहिली तर बंद कॅमेराही थोडं थोडं पीत राहतो. मधे एकदा तपासा.

फ्लॅशबाज
खंडेनवमीला कॅमेरे पूजेला निघतातच. हार घालायच्या आधी सगळ्या बॅटऱ्या एकदा चार्ज करून चालवून बघायच्या. ज्या दगा देणार त्या तेव्हाच कळतात, आणि तुळशीच्या लग्नाआधी बदलायला वेळ मिळतो.

उजेडवाला
हे बेस्ट. करतो.

मातीचेपाय
धागा वर काढतोय, माफी. निकॉन डी७००० आहे, मूळची ईएन-ईएल१५ गेली. दुकानदार नवी ईएन-ईएल१५सी देतोय. चालेल का? की जुनीच शोधू?

तारतम्य
चालेल, नवीच घ्या. फक्त कॅमेऱ्यातून यूएसबीने चार्ज होणार नाही, डी७००० मध्ये ती सोय नाही. एमएच-२५ चार्जर आहे ना?

मातीचेपाय
चार्जर आहे. वायर उंदराने खाल्लीय.